अमेरिकेचा डेमोक्रॅटिक पक्ष, २०२१: दोन विधेयकांची गाठ का सुटली?

प्रश्न: पक्षातल्या पुरोगामी गटाने प्रतिनिधिगृहात पायाभूत सुविधांचं विधेयक का अडवून धरलं होतं? ते तर सिनेटने ऑगस्टमध्येच ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केलं होतं.

उत्तर १: तेच तर त्यांच्या हातातलं एकमेव हत्यार होतं. रस्ते-पुलांचं विधेयक मध्यममार्गींना हवं होतं, तर साडेतीन ट्रिलियन डॉलरचं सामाजिक खर्चाचं विधेयक पुरोगाम्यांना. पहिलं आधी मंजूर झालं, तर दुसऱ्यासाठी मध्यममार्गी कशाला मत देतील? म्हणून दोन्हींची गाठ. उलट प्रतिनिधिगृहाचे सदस्य जॉश गॉटहाइमर आणि आणखी आठ मध्यममार्गींनी पहिल्यावर तातडीने मतदान मागितलं.

उत्तर २: खरी मेख सिनेटमध्ये होती. सामाजिक खर्चाचं विधेयक रिकन्सिलिएशनने, म्हणजे अर्थसंकल्पी विधेयकांसाठीच्या खास प्रक्रियेने गेलं की चर्चा थांबवून मतदान घ्यायला लागणाऱ्या ६० मतांची अट टळते, साधं बहुमत पुरतं. पण जागा ५०-५०, म्हणजे उपाध्यक्षांचं मत धरूनही एकही सदस्य फुटून चालत नाही. जो मॅन्चिन आणि किर्स्टन सिनेमा या दोन मध्यममार्गी डेमोक्रॅट सिनेटरांना नकाराधिकारच मिळाल्यासारखं झालं. शिवाय या मार्गात फक्त अर्थसंकल्पाशी निगडित तरतुदी बसतात. त्याच वर्षीच्या आधीच्या एका विधेयकातलं ताशी १५ डॉलर किमान वेतन याच अटीमुळे गळालं होतं.

उत्तर ३: गाठ ५ नोव्हेंबरला सुटली. प्रतिनिधिगृहाने पायाभूत सुविधांचं विधेयक एकटंच मंजूर केलं, २२८-२०६. सहा डेमोक्रॅट विरोधात गेले, तरी १३ रिपब्लिकन मतांनी विधेयक तरलं. डिसेंबरात मॅन्चिननी सामाजिक खर्चाच्या विधेयकाला नकार दिला. पुरोगाम्यांची भीती खरी ठरली म्हणायची! त्यातलं हवामान आणि औषधांच्या किमतींबाबतचं काही २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्टमध्ये आलं, बालसंगोपन मात्र वगळलं गेलं.