आकृत्या, लाईट, आवाज आणि कविता एकत्र लावल्या तर शब्दच कळत नाहीयेत, काय करू?

मातीचे_हात: मंडळी मदत हवीय. आम्ही चौघं मिळून एक इन्स्टॉलेशन (आख्ख्या हॉलमध्ये मांडलेली, आत फिरून बघायची कलाकृती) करतोय, माणसाएवढ्या ९ फायबरच्या आकृत्या माझ्या, एक मित्र लाईट बघतो, एकजण साऊंड, आणि मैत्रिणीच्या कविता, त्यातल्या काही स्पीकरमधून ऐकू येतात काही भिंतीवर दिसतात. सुटं सुटं बघितलं की सगळं छान, पण काल पहिल्यांदा एकत्र लावलं आणि नुसता गोंधळ. हॉल रिकामा, भिंती उघड्या. मैत्रीण काही बोलली नाही पण तिचा चेहरा उतरला, ते मला फार लागलं.

कानसेन: उघड्या भिंती हेच पहिलं कारण. आवाज घुमला की व्यंजनं आधी बुडतात, म्हणून बोललेलं कळत नाही. जाड पडदे लावा, खाली कार्पेट टाका. आणि व्हॉल्यूम वाढवू नका, स्पीकर कानाच्या उंचीला, जवळ आणा. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ, तिच्या २००१ च्या 'फोर्टी पार्ट मोटेट' या आवाजाच्या इन्स्टॉलेशनमध्ये ४० स्पीकर स्टँडवर उभे आहेत, प्रत्येकातून एकाच गायकाचा आवाज, जवळ गेलात की तो एकटा माणूस आणि मधे उभे राहिलात की सगळा समूह. तुमच्याही एका आकृतीला एकच आवाज द्या ना. स्पीकर पोकळ आकृतीच्या आत ठेवलाय का? मग डब्यातून बोलल्यासारखंच येणार.

तिरपा_उजेड: भिंतीवरची अक्षरं पत्र्यात कापून त्यातून लाईट पाडताय का? मग व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे बारीक पट्टी सोडावी लागते. मागे रुंद लाईट पॅनल लावलं तर कडा पुसट होतात, लाईट छोट्या एकाच बिंदूतून यायला हवा. आकृत्यांवर समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं, बाजूने तिरपा सोडा म्हणजे हाताचे ठसे उठून दिसतील. आणि डिमरच्या (लाईट कमीजास्त करायच्या यंत्राच्या) वायरी ऑडिओच्या वायरींपासून लांब, नाहीतर गुणगुण येते.

ओळीओळीत: मला वाटतं चौघंही एकाच वेळी बोलताय, खरी अडचण तीच आहे. माणूस कधीही आत येतो, कविता मधूनच ऐकतो, त्यामुळे प्रत्येक ओळ एकटी उभी राहायला हवी. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्तांचं एक इन्स्टॉलेशन आहे, तुरुंगात टाकलेल्या १०० कवींवर, छताला १०० माईक टांगलेले आणि त्यातूनच आवाज येतो, एकातून ओळ येते मग बाकीचे ती परत म्हणतात, प्रत्येकाखाली धातूच्या सळईवर खुपसलेला कागद, त्यावर तेच शब्द. ऐकायचं आणि वाचायचं एकच, म्हणून भांडण होत नाही. तुम्ही एक ऐकवताय आणि भिंतीवर दुसरंच दाखवताय असं तर नाही ना?

मातीचे_हात: अगदी तसंच होतं ताई!! आज पडदे लावले, भिंतीवरची अक्षरं बंद केली, एकच ओळ एका आकृतीच्या पाठीवर पाडली आणि तिथूनच ती हळू आवाजात ऐकवली, बाकी ८ अंधारात गप्प. साऊंडवाल्याने स्वतःहून त्याचं म्युझिक काढून टाकलं. मैत्रीण जमिनीवर बसून ओळी कापतेय, उद्या परत लावू.