क्रोम बंपर घरी स्प्रेने धुरकट काळा करायचाय: घासायचा की नाही?

पान्हा_दहा
गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही बंपर स्टीलचे, वर क्रोम. पुढचा आरशासारखा आहे. मागच्याच्या खालच्या कडेला गंजाचे बारीक ठिपके आहेत आणि एका जागी नखाएवढा पापुद्रा सुटलाय. ठार काळा नकोय. काळ्या काचेतून क्रोम दिसावं तसा हवाय. कुणी म्हणतं ४०० नंबरच्या सँडपेपरने घासा, कुणी म्हणतं पेपर लावूच नका. प्रायमर लागतो का? कॅन किती घ्यावेत? वरून क्लिअर (पारदर्शक थर) वन-के, म्हणजे हार्डनरशिवायचा, मारावा की टू-के, म्हणजे हार्डनरवाला?

रंगखोली
दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या कामांचे आहेत. क्रोम दिसू द्यायचं असेल तर घासता येत नाही, कारण पारदर्शक काळ्याखाली पेपरची प्रत्येक रेघ उन्हात चमकते आणि क्लिअरनेही ती बुजत नाही. क्रोम झाकायचंच असेल तर घासल्याशिवाय काही टिकत नाही. वरचं क्रोमियम पाव ते अर्धा मायक्रॉन, त्याखाली निकेल. काचेसारखा गुळगुळीत पृष्ठभाग, रंगाला धरायला जागाच नाही. म्हणून धुरकट फिनिशची पकड कायम कमी राहणार आणि खडी लागली की टवका उडणार, हे आधी मान्य करा.

पुढच्या बंपरला धुरकट जमेल. तो गाडीवरून काढून घ्या. कडा टेपने झाकून मारलेला रंग नंतर नेमका त्या कडेपासूनच सुटतो. भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा. मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर दोन फडक्यांनी: एकाने ओलं पुसायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल नुसतं पसरतं. सिलिकॉनचं पॉलिश राहिलं असेल तर पहिल्याच हातात रंग गोल गोल मागे सरतो आणि खाली क्रोमचे डोळे दिसतात. असं झालं तर वर आणखी रंग मारून ते बुजत नाहीत; सगळं पुसून पुन्हा सुरुवात.

यानंतर पारदर्शक अ‍ॅडहिजन प्रमोटरचा (रंगाला पकड देणारा स्प्रे) एक पातळ हात. डब्यावर क्रोम किंवा उघडा धातू असं लिहिलेलं पाहून घ्या, बरेच फक्त प्लॅस्टिकसाठी असतात. रंग मात्र पारदर्शक टिंटच हवा, टेललाइटच्या स्मोकसारखा. साधा काळा हलका मारला तर तो धुरकट दिसत नाही, मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके उठतात.

पहिला हात इतका पातळ की काही लागलंय असं वाटू नये. अंतर २० ते २५ सेंमी, बटण बंपरच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. दोन हातांत १० मिनिटं. एक हात आडवा, पुढचा उभा, नाहीतर जिथे पट्टे एकमेकांवर चढतात तिथे गडद रेघा उमटतात. वळलेल्या टोकांवर हात आपोआप दोनदा फिरतो, तिथे जपून. हवा तेवढा गडद व्हायच्या एक हात आधीच थांबा. क्लिअर चढला की रंग आणखी खोल दिसतो. एका बंपरला ४०० मिलीचे टिंटचे २ आणि क्लिअरचे २ कॅन धरा.

गंजकाट
मागच्या बंपरवर टिंट मारूच नका. दिसतो तो गंज ठिपक्याएवढा, पण तो निकेलखाली आडवा पसरलेला असतो. टिंटखालून तपकिरी डाग दिसणार आणि फोड येणार. तिथे झाकणारा काळाच हवा. एक धुरकट आणि एक ठार काळा विजोड दिसेल, म्हणून माझ्या मते दोन्ही झाकणारेच करा.

सुटलेला पापुद्रा पत्र्याच्या धारेने उचलून पाहा आणि जिथे घट्ट लागतो तिथवर सगळा काढा. गंज तारेच्या ब्रशने, मग फक्त खड्ड्यांत रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन). जास्तीचं डब्यावर दिल्याप्रमाणे साफ करा. प्लेटिंगची कड १८० ने ओली घासून उतरती करा. बोटाला पायरी लागत असेल तर ती रंगातूनही दिसणार. नंतर पूर्ण बंपर ३२० ते ४०० ने, पाणी वापरूनच, चकाकी सगळीकडे मरेपर्यंत. बोल्टच्या भोकांभोवती आणि आतल्या वळणात चमक राहते, पोपडे तिथूनच सुटतात. टू-के इपॉक्सी प्रायमरचे २ हात, काळ्याचे ३, क्लिअरचे २. इपॉक्सीखाली एच (आम्लयुक्त, धातू कोरणारा) प्रायमर नको. त्यातलं आम्ल इपॉक्सीला नीट बसू देत नाही.

घरी आम्लाने किंवा बॅटरी चार्जर उलटा जोडून क्रोम उतरवायच्या फंदात पडू नका. उलट्या प्लेटिंगने पाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम उतरतं, ते कॅन्सरकारक आहे.

पान्हा_दहा
दोन्ही झाकणारेच करतो. टू-केचं सांगा. आणि सुरकुत्या का येतात?

रंगखोली
टू-के क्लिअरमध्ये आयसोसायनेट (श्वासाला घातक रसायनं) असतात. धुळीचा मास्क पूर्ण निरुपयोगी. कार्बन फिल्टरचा मास्क, हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हे कमीत कमी. बाहेरून हवा पुरवणारा मास्क खरा सुरक्षित. एकदा दम्याची संवेदनशीलता आली की ती जात नाही. हे जमणार नसेल तर क्लिअर पेंट बूथमध्ये मारून घ्या किंवा वन-के मारा. वन-केवर पेट्रोल सांडलं तर तो मऊ पडतो, एवढं लक्षात ठेवा. टू-केचा कॅन तळाची पिन दाबून सुरू केला की एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो, म्हणून दोन्ही बंपर तयार झाल्यावरच दाबा.

सुरकुत्या येतात त्या अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर पुढचा हात चढवल्याने. वरचं सॉल्व्हंट खालचा थर फुगवतं. डब्यावर लिहिलेलं असतं: तासाभराच्या आत, नाहीतर ४८ तासांनंतर, अशा धर्तीचं. मधल्या वेळात हात लावायचा नाही.

गंजकाट
पार्किंग सेन्सर असतील तर काढून ठेवा. जाड थराने त्यांचं काम बिघडतं. रिफ्लेक्टर झाका. कॅन गार असेल तर कोमट पाण्यात ठेवा, ज्योतीजवळ कधीच नाही. आणि कॅनमधली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे २ मिनिटं हलवा. नाहीतर पहिल्या हातात नुसतं सॉल्व्हंट येतं आणि ओघळ उतरतात.