शब्दचर्चा : ‘वटवट्या’ म्हणजे नेमका कोण?

माळावरची :
लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी पक्ष्यांच्या मराठी नावांची यादी करतेय. ‘वॉर्ब्लर’ला जिथेतिथे ‘वटवट्या’ दिलेलं आहे. इंग्रजीत वॉर्बल म्हणजे गळ्यात सूर घोळवत गाणं. आपल्याकडे मात्र वटवट म्हटलं की ‘पुरे कर आता’ हेच तोंडात येतं. एवढ्याशा जिवावर हा अन्याय वाटतो. ‘कूजक’ असं काही चालेल का?

घाटवाट :
ताई, नाव बदलू नका. ‘वटवट्या’ला वॉर्ब्लरचं भाषांतर समजलं की ते खटकतं. माझ्या मते हे कानाने ठेवलेलं नाव आहे. पावसाळ्यात बांधावर उभ्या राहा. राखी वटवट्या बोरीच्या शेंड्यावर बसतो, शेपूट वर करतो आणि एकच बोल न थांबता घोकत राहतो. जेमतेम तेरा सेंटिमीटरचा पक्षी, पण सगळं शेत त्याच्या आवाजाने भरून जातं. झुडपातून उडाला की कटकट असा आवाजही येतो. याला वटवट नाही तर काय म्हणायचं? आणि त्यात मला तरी माया ऐकू येते. लहान मुलाची वटवट म्हणतो ना आपण, तशी. याचं शास्त्रीय नाव ‘प्रिनिया’, तेही जावा बेटावरच्या लोकांच्या बोलीतून आलंय. हॉर्सफील्ड या निसर्ग-अभ्यासकाने ते १८२१ मध्ये घेतलं.

माळावरची :
हे पटलं. पण मग हिवाळ्यात येणारे पर्ण वटवट्ये, बोरू वटवट्ये? तेही याच कुळातले का?

घाटवाट :
नाहीत, आणि खरी गंमत इथेच आहे. पूर्वी या सगळ्या बारक्या, मळकट, किडे टिपणाऱ्या पक्ष्यांना ‘सिल्व्हिडी’ या एकाच कुळात कोंबलेलं होतं. डीएनए तपासायला लागल्यावर ते घर फुटलं, आणि २००६ नंतर वाटण्या स्पष्ट होत गेल्या. आपला राखी वटवट्या आणि पानं शिवणारा शिंपी सिस्टिकोलिडी कुळात गेले. पर्ण वटवट्यांचं कुळ फायलोस्कोपिडी, बोरूवाल्यांचं अ‍ॅक्रोसेफॅलिडी. शुभ्रकंठी वटवट्या सिल्व्हिडीतच राहिला, पण ते कुळ आता सातभाईंच्या गोतावळ्याजवळ जाऊन बसलंय. गावात पाटील आडनावाची दहा घरं असतात, ती सगळी एका कुळाची असतात का? पाटीलकी केली म्हणून पाटील. तसं वटवट केली म्हणून वटवट्या.

हिवाळी पाहुण्यांना तर हे नाव जास्तच शोभतं. हिरवट पर्ण वटवट्या सायबेरियाकडून, हिमालयातून येतो. त्याचं खरं गाणं तिकडे, विणीच्या जागी. आपल्या वाट्याला येते ती ऑक्टोबर ते एप्रिल आंब्याच्या पानांआडून येणारी ‘चिस्वी… चिस्वी’. परतायच्या सुमारास कधीतरी थोडं गाणं कानावर पडतं, तेवढंच.

बांधावरचा :
‘बोरू’बद्दल थोडं. बोरू म्हणजे ज्याची लेखणी करायचे तो गवताचा पोकळ दांडा. बोरूबहाद्दर शब्दातला तोच. इंग्रजीतल्या ‘रीड’ला हा प्रतिशब्द सुरेख आहे. पण ब्लिथचा बोरू वटवट्या आपल्याकडे बोरूत क्वचितच असतो. तो घाणेरीच्या नाहीतर करवंदीच्या जाळीत, जमिनीलगत असतो. दिसत नाही, फक्त ‘चक्… चक्’ ऐकू येतं, दोन दगड हलकेच आपटावेत तसं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘ड्युमेटोरम’चा अर्थच ‘झुडपांमधला’. मला विचाराल तर ‘जाळीतला वटवट्या’ हे नाव जास्त खरं.

न्यूजर्सीकर :
इकडची अडचण सांगते. मे महिन्यात इथे पिवळेधमक वॉर्ब्लर येतात. साताऱ्याला बाबांना फोनवर ‘पिवळा वटवट्या दिसला’ म्हणाले, तर त्यांच्या डोळ्यासमोर शेपूट उभारलेला बांधावरचा पक्षी आला. अमेरिकेतल्यांचं कुळ पॅरुलिडी, अगदीच वेगळं. पंखात उडण्याची मोठी पिसं नऊच दिसतात, तुमच्याकडच्यांना दहा असतात. रंग भडक, गाणं सुरेल. यांना वटवट्या म्हणावंसं वाटत नाही.

घाटवाट :
म्हणू नका. त्यांना वॉर्ब्लरच राहू द्या. इंग्रजांनी तिकडे गेल्यावर ओळखीचं नाव अनोळखी पक्ष्याला दिलं, ती ओढाताण मराठीत कशाला आणायची?

माळावरची :
शेवटची शंका. अनेकवचन वटवट्ये की वटवटे?

बांधावरचा :
वाघ्या–वाघ्ये, तसं वटवट्या–वटवट्ये. बोलताना ‘वटवटे’च होतं. मी लिहिताना ‘ये’ ठेवतो, म्हणजे एकवचन चटकन सापडतं. पुढे वटवट्याने, वटवट्यांचा.

माळावरची :
मग यादीत एकाच नावाखाली चार कुळं वेगवेगळी मांडते. आणि शाळेच्या कुंपणाशी घाणेरीत रोज सकाळी कोणीतरी ‘चक्… चक्’ करतं, उद्या लेकीला घेऊन तिथे थांबते.