रिळावरच्या लेझर मशीनमध्ये अक्षरं ओढल्यासारखी येतात, कागदाचं टेन्शन (ओढ) वाढवू का?

हिंगणा_रात्रपाळी

नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत बिलं आणि स्टेटमेंट छापायच्या कामावर आहे. मशीन टोनरचं (कोरड्या शाईच्या भुकटीचं), कंटिन्युअस फीड, म्हणजे कागद रिळावरून सलग येतो; कागदाच्या कडेला ट्रॅक्टरच्या पिनांसाठीची भोकं नाहीत. छपाईची दोन इंजिनं एकापाठोपाठ, एकेक बाजू छापणारी, मधे कागद पालथा करणारा टर्नबार. रीळ १८ इंच रुंद, भरलेलं असताना व्यास ५० इंच, कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम), पान १२ इंचाचं, वेग मिनिटाला ६० मीटर.

मार्चपर्यंत सुरळीत होतं. एप्रिल लागला आणि दोन त्रास सुरू झाले. मधूनच एखाद्या पानावर बारीक अक्षरं ओढल्यासारखी येतात, बारकोडच्या रेषा जाड होतात आणि स्कॅनर वाचत नाही. काही पानं चांगली, एक खराब, पुन्हा चांगली, मेळच लागत नाही. दुसरं म्हणजे मागची बाजू पुढच्या बाजूशी जुळत नाही, आणि फरक रुंदीकडे जास्त. शिवाय खिडकीकडची कड ढिली चालते, तिरप्या उजेडात पाहिलं की लहरी दिसतात.

सुपरवायझर म्हणतात कागद ढिला आहे, रिळाच्या ब्रेकचं प्रेशर वाढवा. त्यांनी वाढवलं, तर आता रीळ संपत आलं की कागद तुटतो. सर्व्हिसचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार, तोवर कामं अडली आहेत. टेन्शन आणखी वाढवायचं की कमी करायचं? आणि हे उन्हाळ्यातच काहून होतंय?

जुना_फील्डवाला

भाऊ, गेजला कोणी हात लावायच्या आधी मोजपट्टी घ्या. खराब पानं फेकू नका. सलग शंभर-दीडशे पानांची पट्टी न कापता काढा, जमिनीवर पसरा आणि एका ओढलेल्या जागेपासून पुढच्या ओढलेल्या जागेपर्यंतचं अंतर मोजा. रीळ भरलेलं असताना एकदा, अर्ध्यावर एकदा, संपत आल्यावर एकदा. एवढ्यावरून निम्मं निदान होतं, आणि हे माझं आयुष्यभराच्या कामातलं ठाम मत आहे.

कारण सांगतो. ड्रमवरचा टोनर कागदावर विजेच्या ओढीनं उतरतो. त्या क्षणी ड्रमचा पृष्ठभाग आणि कागद अगदी एका वेगानं जायला हवेत. कागद क्षणभर जरी मागे ओढला गेला, तरी टोनर बसता बसता फरपटतो. तुमची अक्षरं ओढली जातात ती अशी. म्हणजे सरासरी टेन्शन किती आहे, यापेक्षा ते ठरावीक वेळानं हिसका देतंय का, हा खरा प्रश्न आहे. गेज सरासरी दाखवतं, हिसका दाखवत नाही.

अंतर नेहमी सारखंच आलं तर दोष एखाद्या रोलरचा किंवा ड्रमचा. त्या अंतराला ३.१४ नं भागा, व्यास मिळेल, त्या व्यासाचा रोलर शोधा. रीळ लहान होत जाईल तसं अंतरही कमी होत गेलं तर दोष रिळातच. तुमचं भरलेलं रीळ १.२७ मीटर व्यासाचं, म्हणजे घेर जवळजवळ ४ मीटर. १२ इंची पानं धरली तर साधारण दर तेराव्या पानावर खोट दिसेल, रीळ अर्धं झालं की दर सहाव्या-सातव्या पानावर. म्हणून ती ‘मेळ नसल्यासारखी’ वाटते. मेळ असतो, फक्त तो पानांच्या हिशेबात बसत नाही.

आता रीळ संपताना कागद का तुटतो ते बघा. समजा तुमचं टेन्शन मीटर रुंदीला २०० न्यूटन आहे. १८ इंचावर ते ९१ न्यूटन, म्हणजे साधारण सव्वानऊ किलोची ओढ. भरलेल्या रिळाची त्रिज्या ६३५ मिलिमीटर, तेव्हा ब्रेकला ५८ न्यूटन-मीटर धरावं लागतं. रीळ उतरत १०० मिलिमीटर त्रिज्येवर आलं की तेवढ्याच ओढीला ९ पुरतात. ब्रेक त्याच जोरावर राहिला तर ओढ सहा पटींहून जास्त होते. तुमच्या मशीनवर डान्सर रोलर, म्हणजे कागदाच्या ओढीप्रमाणे वरखाली होणारा रोलर असेल आणि तो ब्रेकला ‘सोड, धर’ सांगत असेल, तर हे आपोआप सांभाळलं जातं. पण कोणी हातानं प्रेशर चढवून ठेवलं की डान्सर टोकाला जाऊन टेकतो आणि त्याचं ऐकणारं कोणी उरत नाही. धड कागद एवढ्या ओढीनंही तुटत नाही. तो तुटतो तो कडेला चीर असेल तिथे किंवा जोडाच्या जागी. सुपरवायझरना आदरानं सांगा की आधी प्रेशर मूळ आकड्यावर आणू या.

मशीन बंद असताना, हवा चालू ठेवून, डान्सर हातानं हलवून बघा. तो दोन बोटांनी सहज वरखाली व्हायला हवा. मधेच अडकून मग सुटत असेल तर सिलिंडर किंवा बेअरिंग कोरडं पडलंय. असा डान्सर स्वतःच हिसके देतो.

ऑफसेट_ते_डिजिटल, पुणे

वरच्या उत्तराला एक पुरवणी. बिनभोकांच्या मशीनमध्ये ड्रमच्या आधी बहुतेक व्हॅक्यूमची पट्टी असते, ती कागद मागून धरून ठेवते. तिची ओढ तीन गोष्टींवर ठरते: हवेचा दाब, भोकांचं क्षेत्रफळ आणि कागदाचं घर्षण. कोरड्या हवेत कागदाची धूळ जास्त उडते, स्थिर विजेमुळे चिकटून बसते आणि भोकं बुजवते. अर्धी भोकं बंद म्हणजे पकड अर्धी, मग रिळाकडचा प्रत्येक झटका थेट ड्रमपर्यंत पोचतो. व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घ्या. कॉम्प्रेसरच्या हवेनं फुंकू नका, ती धूळ कोरोना वायरवर, म्हणजे वीजभार देणाऱ्या बारीक तारेवर, जाऊन बसते.

हिंगणा_रात्रपाळी

सर, मोजलं. रीळ जवळपास भरलेलं असताना ३.८ मीटर, मधे २.९, शेवटाकडे २.१. अंतर कमीच होत गेलं. पट्टीतली भोकंही बुजलेली होती, साफ केली. डान्सर मोकळा आहे. प्रेशर मूळ जागी आणलं, तेव्हापासून कागद तुटला नाही. ओढलेली अक्षरं कमी झालीत पण आहेत.

जुना_फील्डवाला

मग रीळच गोल नाही. खात्री करायची सोपी रीत सांगतो. रीळ मशीनवर चढवलेलं असू द्या, वीज बंद. जमिनीवर एक स्टँड ठेवून त्याला लाकडी पट्टी बांधा, पट्टीचं टोक रिळापासून बोटभर दूर. आता रीळ हातानं हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवा आणि फट कुठे वाढते, कुठे कमी होते ते बघत राहा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालून जातो. पाच-सात मिलिमीटर आला तर ते रीळ पूर्ण वेगावर चालवू नका. असं रीळ प्रत्येक फेऱ्यात कागद एकदा सैल सोडतं आणि एकदा खेचतं. भरलेलं रीळ साडेचारशे किलोच्या पुढे जातं, त्याचा हिसका डान्सर पूर्ण गिळू शकत नाही.

तुमची रिळं गोदामात कशी ठेवता? आडवी, एकावर एक?

जुन्या मशीनवर हा त्रास कमी जाणवायचा. आयबीएमचं ३८०० हे १९७५ मध्ये जाहीर झालेलं लेझर मशीन घडीच्या कंटिन्युअस स्टेशनरीवर चालायचं. कागद खोक्यातून यायचा, रिळाचं वजन मागे नव्हतंच, आणि कडेच्या भोकांत ट्रॅक्टरच्या पिना बसून कागद जागच्या जागी राहायचा. भोकं गेली, कडा कापून फेकायचा खर्च वाचला, पण जागा धरून ठेवायचं सगळं काम टेन्शनवर आलं. म्हणून ऑपरेटरनं टेन्शनला नुसतं ‘ढिलं की घट्ट’ एवढ्यावर सोडू नये असं मला फार मनापासून वाटतं.

इतवारी_कागदवाली

दादा, मी कागदाचा धंदा बघते, मशीन नाही, पण ढिल्या कडेबद्दल बोलू शकते. तुमच्या हॉलमध्ये डेझर्ट कूलर आहे का, आणि तो खिडकीकडे आहे का?

नागपुरात मे महिन्यात दुपारी हवेत ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो. लेझरसाठीचा कागद गिरणीतून साधारण साडेचार-पाच टक्के ओलाव्यावर बांधून येतो. वेष्टण काढून रीळ उघड्यावर ठेवलं की कडा आधी सुकतात, आतला भाग तसाच राहतो. त्यात कूलरचा ओला झोत एकाच बाजूला लागला तर ती बाजू फुगते आणि लांबते. लांबलेली कड मशीनवर ढिलीच चालणार, टेन्शन कितीही द्या. जास्त ओढलंत तर दुसऱ्या, सुकलेल्या कडेवर सगळा भार जाईल आणि चीर तिथूनच पडेल. आमच्याकडे दरवर्षी उन्हाळ्यात ‘रीळ खराब आलं’ म्हणून तक्रारी येतात, आणि जाऊन बघावं तर कूलर थेट रिळावर.

वेष्टण मशीनवर चढवायच्या वेळीच काढा. रिळं उभी, म्हणजे गाभ्याचं भोक वर करून, लाकडी पाटावर ठेवा. आडवी ठेवलेली रिळं स्वतःच्या वजनानं चपटतात, एकावर एक असतील तर खालचं नक्कीच.

हिंगणा_रात्रपाळी

ताई, कूलर अगदी तिथेच आहे. आणि रिळं आडवी, दोन थर. पट्टी लावून बघितलं, खालच्या थरातल्या रिळाची फट सहा मिलिमीटरनं बदलते. वरच्या थरातलं एक रीळ चढवलं, कूलरचं तोंड फिरवलं. या पाळीत बारकोड एकही परत आला नाही.

मागची-पुढची बाजू मात्र अजून जुळत नाही. रुंदीकडे पाऊण मिलिमीटर. यासाठी टर्नबारनंतरचं टेन्शन वाढवलं तर?

जुना_फील्डवाला

नाही भाऊ, तिथे टेन्शनचा काहीच उपयोग नाही, आणि का नाही ते आकड्यांत बघा म्हणजे कोणी पुन्हा गेज फिरवणार नाही.

पहिल्या इंजिनचा फ्यूजर, म्हणजे उष्णतेनं टोनर पक्का करणारा भाग, कागदाला तापवतो, ओलावा उडतो, कागद आकसतो. तंतू बहुतेक लांबीच्या दिशेनं झोपलेले असतात आणि सुकताना ते जाडीत आकसतात, म्हणून कागद लांबीपेक्षा रुंदीत कितीतरी जास्त कमी होतो. ४५७ मिलिमीटर रुंदीवर पाऊण मिलिमीटर म्हणजे ०.१६ टक्के. दुसरं इंजिन कडेची खूण वाचून प्रत्येक पानाची सुरुवात जुळवून घेतं, त्यामुळे लांबीकडचा फरक झाकला जातो. रुंदी ते कशी जुळवणार? आणि ओढ तर तुम्ही लांबीकडे देता. मीटरला २०० न्यूटन ओढीनं ८० जीएसएमचा कागद लांबीत ०.०४ टक्क्यांच्या आसपास ताणला जातो, १२ इंची पानावर जेमतेम ०.१२ मिलिमीटर. ओढ दुप्पट केली तरी तेवढीच आणखी भर, आणि रुंदी झालीच तर किंचित कमीच होईल.

याच हिशेबाची दुसरी बाजू ध्यानात ठेवा. दोन रोलर कागद घट्ट पकडून असतील आणि त्यांच्या वेगात ०.१ टक्का जरी फरक पडला, तर मधल्या कागदात मीटरला ५०० न्यूटनच्या आसपास ओढ तयार होते. फ्यूजरचा रबरी रोलर तापला की फुगतो, ८० मिलिमीटरच्या रोलरला ०.०८ मिलिमीटर फुगणं पुरतं. म्हणून ड्रम आणि फ्यूजर यांच्यामध्ये कागदाला थोडी सैल कमान किंवा डान्सर ठेवलेला असतो. ती कमान कोणी ‘ढिली दिसते’ म्हणून घट्ट करू नका.

तुमच्या फरकाला दोन उपाय. ओलावा कमी उडेल इतपत फ्यूजरचं तापमान खाली आणा, पण टोनर पक्का बसलाय का ते बोटानं घासून आणि घडी घालून बघा. उरलेला फरक कंट्रोलरमधून: मागच्या बाजूची इमेज रुंदीत लहान करायची सोय असेल तर ती वापरा. मोजायचं ते मशीन निदान अर्धा तास चालून फ्यूजर पुरता तापल्यावर, आणि रिळाच्या बाहेरच्या थरांवर नाही, कारण ते आतल्यापेक्षा कोरडे असतात. पावसाळा लागला की हाच आकडा पुन्हा मोजावा लागेल, तेव्हा मशीनजवळ एक साधा आर्द्रतामापक टांगा आणि प्रत्येक रिळाच्या जॉबकार्डवर त्याचं वाचन लिहीत चला.