नळी टाकली की दात साफ? हे कोणी सांगितलं?

शेरूची आई, त्रिमूर्ती नगर
काल एका भाऊंनी लिहिलं, "कुत्र्याला ब्रश-पेस्ट म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. आठवड्यातून दोनदा मटणाची नळी टाका, दात चकाचक." खाली ढीगभर अंगठे. राहवलं नाही.

आमचा शेरू इंडीच, म्हणजे देशी, साडेसहा वर्षांचा. दर रविवारी नळी ठरलेली. मागच्या उन्हाळ्यात एका बाजूनंच चावायला लागला. वरची मोठी दाढ उभी चिरलेली, मुळाशी पू. भूल, एक्सरे, दाढ काढणं. बिल पाच आकडी. डॉक्टर म्हणाले, नख दाबून ज्यावर खूण उमटत नाही ते त्याला चघळायला देऊ नका. हाड, शिंग, खूर सगळंच आलं त्यात.

आता कुत्र्यांची एन्झाइमवाली पेस्ट आणि बोटात घालायचा ब्रश. दातांवरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी दगड होतो, मग ब्रशचं काही चालत नाही. म्हणून रोज. आपली पेस्ट अजिबात नाही: कुत्रं थुंकत नाही, फ्लोराइड पोटात जातं, आणि झायलिटॉल (गोडीसाठी घालतात ते) असेल तर रक्तातली साखर धाडकन उतरते, लिव्हरही जाऊ शकतं.

इतवारीचा भाऊ
ताई, मीच तो. कायले एवढं तापता? आमच्याकडे चार कुत्रे म्हातारे होऊन मेले, एकाचा दात हलला नाही. तुमच्या शेरूचं नशीब खराब, नळीले काऊन दोष?

शेरूची आई
चौघांपैकी एकाचं तरी तोंड उघडून पाहिलं होतं का? दुखत असलं तरी कुत्रं जेवतंच.

ब्रुनोवाली, मनीष नगर
माझं वेगळंच दुखणं. दुकानदारानं पाण्यात टाकायचं "डेंटल लिक्विड" गळ्यात मारलं. ब्रुनोनं भांड्याला तोंड लावणं सोडलं. मे महिना, बाहेर ४५ डिग्री! बाटली मोरीत ओतली. चघळायच्या कांड्यांचंही तेच. पाकिटावर हसरं कुत्रं, आत निव्वळ पीठ.

शेरूची आई
व्हीओएचसीचा शिक्का बघून घ्या. प्राण्यांच्या दातांसाठीची अमेरिकेतली संस्था आहे, चाचण्यांचे निकाल पाहूनच शिक्का देते. शिक्का नाही म्हणजे माल वाईट असं नाही, पण तेवढीच खात्री.

गोकुळपेठ काका
दात राहू द्या. या नळ्या शेवटी रस्त्यावर येतात. सावजी मटणाचं उरलंसुरलं पिशवीत भरून कोपऱ्यावर टाकतात, अन् रात्री स्कूटरमागे आठ कुत्रे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं सांगितलं होतं, खाऊ घालायचं तर दत्तक घ्या, घरी न्या.

फुटाळा फीडर
आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली, ते सोयीनं विसरलात काका. मी भात-अंडी घालते, सावजी नाही. नसबंदीला पकडून देतो तेही आम्हीच. तुम्ही काय केलंत?

गोकुळपेठ काका
मी चार इंजेक्शनं घेतली. पोटरी दाखवू?

फुटाळा फीडर
वाईट झालं. पण चावणारं कुत्रं मी पाळलेलं नव्हतं.

गोकुळपेठ काका
तुम्ही पोसलेलं होतं!

ब्रुनोवाली, मनीष नगर
दोघंही वेगळा धागा काढा बाप्पा. पण सावजीवरून आठवलं, रश्श्यात कांदा-लसूण किती राहते? कुत्र्याच्या रक्ताला ते विष. अन् शिजलेलं हाड तर सुईसारखं फुटते.

इतवारीचा भाऊ
म्हणूनच मी कच्ची नळी देतो. पाहा, तुम्हीच माझ्या बाजूनं बोलून राहिल्या.

शेरूची आई
कच्चं असो की शिजलेलं, दाढेला कडक ते कडकच. भाऊ, एक काम करा. आज तुमच्या आत्ताच्या कुत्र्याचा, मोतीचा ओठ वर करून मागच्या दाढा पाहा. पिवळं-तपकिरी काही नसेल तर मी इथं जाहीर माफी मागते.

इतवारीचा भाऊ
पाहिलं. म्हणे ४२ दात राहतात, मले चारच दिसले, मग तो गुरगुरला. ते चार तपकिरी होते. पण वास काही खास नाही, नेहमीचाच. नळी बंद करणार नाही, सांगून ठेवतो. तो बोटातला ब्रश कुठं भेटते? पेस्ट घरची चालन ना?

शेरूची आई
वर काय लिहिलंय मी!