सुपरचार्ज्ड ट्रकला मोठा एक्झॉस्ट लावला की ताकद जाते? साफ चूक

डॅलसकर:
काल एकाने लिहिलं, 'माझ्या २००३च्या फोर्ड लाइटनिंग ट्रकला ३ इंची दुहेरी एक्झॉस्ट लावला आणि बूस्टचा काटा १ पौंडाने उतरला. इंजिनाला बॅकप्रेशर (जळक्या वायूला बाहेर पडताना होणारा अडथळा) लागतंच. कंपनीचे पाईप काढू नका.' खाली लोक 'धन्यवाद, पैसे वाचले' म्हणतायत. राहवत नाही म्हणून लांब लिहितोय.

बूस्ट हा सुपरचार्जरने, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाने, केलेला दाब. तो म्हणजे ताकद नव्हे. लाइटनिंगवर ईटनचा एम११२ सुपरचार्जर आहे, रूट्स जातीचा. तो दर फेरीला ठरावीकच हवा ढकलतो. तिला इंजिनात शिरायला जेवढा अडथळा, तेवढा दाब मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) साठतो, आणि काटा तोच दाखवतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट धरलं की दाब वाढतो, पाणी वाढत नाही. मागची वाट मोकळी झाली की सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरतो, ताजी हवा सहज शिरते, काटा उतरतो. त्याच वेळी डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा वर गेलेला असू शकतो.

बॅकप्रेशरची समजूत बिनसुपरचार्जरच्या इंजिनांवरून आली. तिथेही उपयोग दाबाचा नसतो, वायूच्या वेगाचा असतो. एक झोत पुढे गेला की मागच्याला ओढतो. पाईप गरजेपेक्षा मोठा झाला की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मरते. सुपरचार्जर असला की समोरून ढकलणारा आहेच, त्या ओढीवर फार काही अवलंबून राहत नाही.

घेताना पाईपचं क्षेत्रफळ बघा. २.५ इंची दोन पाईप म्हणजे ९.८ चौरस इंच, ३.५ इंची एकच घेतला तर ९.६. ३ इंची दोन म्हणजे १४.१. कारखान्यातून ३८० हॉर्सपॉवर घेऊन आलेल्या ट्रकला २.५ इंची दोन पुरतात. सुपरचार्जरची पुली बदलून बूस्ट वाढवणार असाल तर ३ इंची घ्या. वाकवलेला पाईप मॅन्ड्रेलवरच (आतून आधार देऊन) वाकवलेला हवा, साध्या बेंडिंगमध्ये वळणावर पाईप चेपतो आणि सगळं गणित तिथेच संपतं. मफलर आरपार जाळीचा घ्या.

ऑस्टिनचा_नाना:
ती पोस्ट माझी. पुस्तकी ज्ञान पुरे. गाडी मी चालवतो, जागेवरून उठताना जड झालीय हे मला सीटवर बसल्या बसल्या कळतं. आणि डायनोही केला, शेवटच्या रनला आकडा आधीपेक्षा कमी. आता बोला.

रेंच_१३:
नाना, डायनो ऑगस्टमध्ये केलात ना? टेक्सासच्या उन्हात, पाठोपाठ रन? इंटरकूलरचं पाणी तापतं, आत जाणारी हवा तापते, नॉक होऊ नये (मिश्रण अवेळी पेटू नये) म्हणून कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. पाईप कुठलाही असो, आकडा पडणारच. जुन्या पाईपचा रन कधीचा आहे?

ऑस्टिनचा_नाना:
फेब्रुवारीचा. त्याने काय होतं?

डॅलसकर:
सगळंच होतं! फेब्रुवारीचा आकडा ऑगस्टशी लावून तुम्ही लोकांना सल्ला दिलात.

रेंच_१३:
ओरडू नका हो. नाना, हेडरही (इंजिनाला लागूनचे एक्झॉस्ट पाईप) बदललेत का? पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठे गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि कॉम्प्युटर पेट्रोल ओततो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरचं फारसं ऐकत नाही, पण अर्ध्या थ्रॉटलला गाडी जड वाटते. तुम्ही सांगताय तसंच.

हेमीवाला:
सगळ्यांना एकच औषध देऊ नका. माझ्या रॅम टीआरएक्सला, ७०२ हॉर्सपॉवरच्या, हवा मोजणारा एमएएफ सेन्सरच नाही. मॅनिफोल्डच्या दाबावरून कॉम्प्युटर हवेचा अंदाज बांधतो. कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा सेट बदलला तर प्रश्न नाही. हेडर बदलले तर ट्यून (कॉम्प्युटरची नव्याने जुळणी) लागतोच. आणि खरी ताकद हवी तर कॅट काढून टाका.

डॅलसकर:
ट्यूनचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं असं म्हणा हवं तर. कॅटचं अजिबात नाही. संघीय क्लीन एअर अ‍ॅक्टखाली ते बेकायदा आहे. टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली, तरी डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन भागात धुराची चाचणी चालूच आहे.

कोथरूडची_मावशी:
तुमच्या हॉर्सपॉवरचं कौतुक चालू दे, पण तुम्हा लोकांचे हे पाईप बाकीच्यांच्या कानावर येतात. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला बुलेट फट-फट करत जाते. सासऱ्यांची बायपास झालीय, ते दचकून उठून बसतात. पोलीस जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतात ते योग्यच करतात. कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, तो रोज लावावा.

बुलेटराजे:
मावशी, गणपतीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा कुठे असता? बुलेटचा आवाज हाच तिचा जीव. शिवाय गोल्डस्टार सायलेन्सर लावल्यावर पिकअप वाढतो, हा माझा अनुभव आहे.

कोथरूडची_मावशी:
डीजेविरुद्ध मी सही मोहिमेत होते, चौकीवरही गेले होते. आधी विचारा, मग बोला.

बुलेटराजे:
बरं, डीजेचं मागे घेतो. पिकअपचं नाही.

डॅलसकर:
राजे, पिकअप वाढत नाही, आवाज वाढतो. एकच सिलिंडर, सुपरचार्जर नाही. मी वर ज्या वेगाबद्दल लिहिलं तो बुलेटलाच सगळ्यात जास्त लागतो. रिकामा सायलेन्सर लावून जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भोक) तसाच ठेवला की जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बुलेटचं मिश्रण पातळ होतं, थ्रॉटल सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं, तेच तुमचे फटाके. ते पेट्रोल तुम्ही पैसे देऊन भरलेलं असतं.

बुलेटराजे:
आमच्या मेकॅनिकने जेट बदललाय. मला शिकवू नका.

रेंच_१३:
जेट बदलला असेल तर फटाके कमी व्हायला हवेत. मावशींना विचारा कमी झालेत का.

कोथरूडची_मावशी:
गाडी यांची नसेल, पण आमच्या गल्लीतले फटाके कमी झालेले नाहीत.

ऑस्टिनचा_नाना:
मूळ विषयावर येतो. हेडरच्या डाव्या फ्लँजला काजळी दिसली. गॅस्केट बदलतोय. थंडीत पुन्हा डायनो करेन, दोन रनमध्ये पाणी थंड होऊ देऊन, आणि सेन्सरच्या भोकात गेज लावून बॅकप्रेशरही मोजेन. तोवर 'काढू नका' हे वाक्य पोस्टमधून काढतो, बाकी पोस्ट राहील. पण हायवेवर १,८०० आरपीएमला केबिनमध्ये जो घुमतोय आवाज, त्यावर कुणी बोललंच नाही. बायको त्या ट्रकमध्ये बसायला तयार नाही.

डॅलसकर:
त्यासाठी पाईपला बाजूने बंद तोंडाची नळी जोडतात, जे-पाईप. घुमणाऱ्या स्वराच्या तरंगलांबीच्या पाव लांबीची हवी. ती वाट आडवीच असते, त्यामुळे वायूला अडथळा होत नाही. १,८०० आरपीएमला व्ही-८ चा मुख्य स्वर १२० हर्ट्झच्या आसपास येतो. गरम वायूत ध्वनी जोरात पळतो, म्हणून थंड हवेच्या हिशेबाने कापू नका, आधी पाईपचं तापमान मोजा.