मऊ कवचाची अंडी: खाद्य बदलावं की आणखी काही?

प्रश्न:
परसात सहा कोंबड्या आहेत, सगळ्या दीड वर्षाच्या. त्यांतली एक आठवड्यातून दोन-तीनदा कवच नसलेलं अंडं टाकते, नुसत्या पापुद्र्यातलं. सकाळी बसायच्या दांडीखाली पडलेलं सापडतं. बाकीच्यांची अंडी ठीक. लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) कायम समोर असतं, त्यात शिंपल्याची पूड मिसळतो. संध्याकाळी मका-गव्हाचा भरडा, पोटभर. काय बदलू?

प्रतिसाद १:
सगळ्यात आधी भरडा. कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते. लेअर खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे दिवसाला चारेक ग्रॅम मिळतं. त्यातलं अंगी लागतं साधारण निम्मं, आणि एका कवचाला लागतं दोन ग्रॅमच्या थोडं वर. म्हणजे हिशोब मुळातच काठावरचा. आता ४० ग्रॅम भरडा खाल्ला की तेवढं लेअर खाद्य कमी खाल्लं जातं, आणि धान्यात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. राहिलेली तूट कोंबडी हाडांतून काढते. काही दिवस निभावतं, मग कवच पातळ होतं आणि शेवटी पापुद्राच उरतो. डोक्यामागे १० ग्रॅमच्या वर भरडा नको.

दुसरं, शिंपल्याची पूड खाद्यात मिसळू नका. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री चढतो, तेव्हा कोंबडी खात नसते. पूड तोवर आतड्यातून पुढे निघून गेलेली असते. शिंपल्याचे २ ते ४ मिलिमीटरचे तुकडे मात्र पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटात) अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. ते वेगळ्या भांड्यात ठेवा आणि दुपारनंतर भांडं भरलेलं आहे ना, एवढं बघा. जिला गरज आहे ती आपणहून उचलते. मिसळून दिलं की जिला नको तिच्याही पोटात जातं. पेषणीसाठी देतो ते दगडी खडे वेगळे, त्यांनी कॅल्शियम मिळत नाही.

प्रतिसाद २:
वरच्या हिशोबाशी सहमत, पण अंडं दांडीखाली सापडतंय याकडे दुर्लक्ष नको. रात्री दचकल्यावर कवच पुरतं चढायच्या आत अंडं पडू शकतं. उंदीर, मांजर येतंय का बघा. आणि लाल माइट्स (बारीक किडे) नक्की तपासा. दिवसा त्या दांडीच्या सांध्यात, फटीत लपतात आणि अंधारात वर चढून रक्त पितात. रात्री उशिरा टॉर्च घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद दाबून फिरवा. रक्ताच्या रेघा उमटल्या तर माइट्स आहेतच. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, फटी बुजवा, औषध डॉक्टरांना विचारूनच मारा. आठवड्याने पुन्हा सगळं करायला हवं, कारण तोवर माइट्सच्या अंड्यांतून नवी पिलावळ बाहेर आलेली असते.

प्रतिसाद ३:
उन्हाळा चालू असेल तर तेही कारण आहे. चोच उघडी टाकून धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट पुरत नाही. अशा वेळी शिंपला कितीही वाढवला तरी उपयोग मर्यादित. सावली आणि गार पाणी जास्त कामाचं. पाणी नेहमीच्या दुप्पट लागू शकतं.

प्रश्नकर्ता:
आभार. भरडा आजपासून कमी केला. पण तीच कोंबडी कालपासून शेपूट पाडून, छाती वर करून ताठ उभी राहते. घरट्यात जाऊन जोर करते, पडत काहीच नाही.

प्रतिसाद १:
अंडं अडकल्याची लक्षणं आहेत. मऊ अंडं जास्त अडकतं, कारण आकुंचन झालं तरी ते दबतं, पुढे सरकत नाही. कालपासून असेल तर आजच पशुवैद्यांकडे न्या. निघेपर्यंत पसरट टबात ३८ ते ४० अंश कोमट पाणी घेऊन वीस मिनिटं पोटापर्यंत बसवा, कोरडी करून उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. मलद्वाराला पेट्रोलियम जेली लावा. पोट दाबू नका आणि आत अंडं फोडू नका. तुकड्यांनी जखम होते, बलक पोटात सांडला तर जंतुसंसर्ग होतो. कॅल्शियमचा डोस डॉक्टर ठरवतील. लाल मांस बाहेर डोकावत असेल तर तिला लगेच वेगळी करा, नाहीतर बाकीच्या तिथे टोचे मारून जीव घेतील.

प्रतिसाद ४:
पोट पाण्याने भरल्यासारखं लिबलिबीत लागत असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. पोटात द्रव साठला तरी कोंबडी अशीच उभी राहते आणि त्यावर शेकाचा उपयोग नसतो. नुकतीच सल्फा गटातली औषधं दिली असतील तर तेही सांगा, त्यांनी कवच पातळ होतं.

बाकीच्या पाच जणींवरही नजर ठेवा. एकाच आठवड्यात अनेक जणींची अंडी फिकट, सुरकुतलेली, पाणचट पांढऱ्याची येऊ लागली, सोबत शिंका किंवा घरघर असेल, तर तो खाद्याचा दोष नाही. श्वासनलिकेचा संसर्गजन्य रोग किंवा राणीखेतची तपासणी करावी लागेल, आणि तोवर नवा पक्षी आत आणायचा नाही, आतला बाहेर द्यायचा नाही.

पुढे तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) आणणार असाल तर १६ आठवड्यांच्या आतल्यांना लेअर खाद्य देऊ नका, जास्त कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. एकत्र ठेवायच्या असतील तर सगळ्यांना ग्रोअर खाद्य (वाढत्या पक्ष्यांचं, कमी कॅल्शियमचं), आणि अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्याचं भांडं वेगळं.